मी रक्त ओढत नाही

मी चुंबक आहे. काळा, गोल, मध्ये भोक असलेला, हाताच्या पंजाएवढा. एका म्हाताऱ्या लाऊडस्पीकरच्या पोटातून काढलेला. बोलायची मला हौस नाही, पण गेल्या वर्षभरात माणसांनी मला जे करायला लावलं त्याची एवढी शिसारी बसली आहे, की बोललो नाही तर आतल्या आत तडकेन.

आधी माझा जन्म सांगतो, कारण पुढचं सगळं खोटं त्यावरच रचलेलं आहे.

मी मुळात गंजासारख्या लोखंडी भुकटीचा बनलो. कारखान्यात भुकटी दाबली, भट्टीत भाजली, आणि चकती तयार झाली. तेव्हा माझ्यात काहीच नव्हतं. टाचणीसुद्धा ओढता येत नव्हती. माझ्या अंगात लाखो बारीक बारीक चुंबक होते, पण एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. सगळ्यांची ओढ एकमेकांत जिरून जायची. मग मला तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात ठेवलं आणि तारेतून विजेचा एक जबर झटका सोडला. तारेतून वीज धावली की तार स्वतःच क्षणभर चुंबक होते. त्या क्षणभराच्या चुंबकानं माझ्या आतल्या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला फिरवली. वीज बंद झाली, ती तोंडं तशीच राहिली. माझं एक सपाट अंग उत्तर झालं, दुसरं दक्षिण.

एवढंच. यात मंत्र नाही, दैवी शक्ती नाही. विजेनं मला घडवलं.

ब्रह्मपुरीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जलालुद्दीनभाईंचं दुकान होतं. मंडपाचे स्पीकर भाड्यानं द्यायचे, पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी यांची वाइंडिंग करायची, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायची. मी त्यांच्या एका स्पीकरमध्ये बारा वर्षं होतो. माझ्या मधल्या भोकाशी तारेचं हलकं वेटोळं असायचं. बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर तारेतली वीज उलटसुलट धावायची, वेटोळं कधी माझ्याकडे ओढलं जायचं, कधी लोटलं जायचं, त्याला चिकटलेला कागदी पडदा थरथरायचा आणि आवाज बाहेर पडायचा. लग्नं, झाडीपट्टीची नाटकं, निवडणुका, हरवलेल्या बैलाची दवंडी, सगळं माझ्यातून गेलं. पुढाऱ्यांची खोटी भाषणंही गेली. पण तेव्हा खोटं माणूस बोलत होता, मी फक्त पडदा हलवत होतो.

पडदा फाटला तेव्हा जलालुद्दीनभाईंनी मला बाहेर काढलं आणि कामाच्या टेबलावर ठेवलं. दिवसभर मी त्यांचे स्क्रू आणि नट सांभाळायचो. त्यांची मुलगी जाहिदा तेव्हा दहाएक वर्षांची असेल. एकदा तिनं विचारलं, "अब्बा, ह्या चुंबकात करंट राह्यते का?"

"नाई बेटा. इथी ये, दाखवतो."

त्यांनी तारेचं एक वेटोळं घेतलं, त्याची टोकं काट्याच्या मीटरला जोडली आणि मला वेटोळ्यावर ठेवून दिलं. काटा जागचा हलला नाही.

"पाह्य. ठेवून देल्ला तं काहीच नाई. आता पाह्य." त्यांनी मला झटक्यानं उचललं. काटा उजवीकडे उडाला. खाली आणलं, डावीकडे उडाला. "हलवला तं करंट निघते. थांबवला का मेला. धरणावर पाण्यानं फिरवा, थर्मलमध्ये कोळशाच्या वाफेनं फिरवा, सायकलच्या डायनामोत चाकानं फिरवा. बात एकच. चुंबक फिरला तं वीज निघते, वीज देल्ली तं मोटर फिरते. दोघं एकाच घरचे."

जाहिदानं तासभर मला वर-खाली करून काटा नाचवला. मला बरं वाटायचं तेव्हा. माणसांविषयी माझं मत तेव्हा चांगलं होतं.

जलालुद्दीनभाई गेले. मंडपाचा धंदा बंद झाला. त्यांचा मुलगा सरफराज नागपूरला नोकरीला लागला. जाण्याआधी त्यानं जुने स्पीकर आणि त्यांच्या चकत्यांचं टोपलं भंगारवाल्याला देऊन टाकलं. वाइंडिंगचं काम जाहिदानं चालू ठेवलं, पण त्या दिवशी ती दुकानात नव्हती. टेबलावरचा मीही त्याच टोपल्यातून गेलो.

भंगाराच्या ढिगातून मला उचलणाऱ्या माणसाचं नाव कुलदीप.

कुठून आला होता कोणास ठाऊक. पांढरा शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप, बोटांना सुगंधी तंबाखूचा वास. आमच्यासारख्या तीस-चाळीस चकत्या त्यानं वजनावर घेतल्या. प्रत्येकीला लाल रेक्झिनची पिशवी शिवली, वर सोनेरी अक्षरांत लिहिलं : 'रक्तशुद्धी चुंबक'. पिशवीला बांधायला पट्टा.

बांधायचं गुडघ्याला, कमरेला, पोटाला. दर रविवारी ब्रह्मपुरीच्याच एका समाजभवनात शिबिर असायचं, अधूनमधून चामोर्शीच्या बाजारात टेबल. लोक यायचे ते साखरेचे, सांधेदुखीचे, आणि फार करून सिकलचे. सिकल म्हणजे रक्तातल्या गोल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडं आतून फोडल्यासारखी दुखतात. जन्मतःच असतं ते. आमच्या या जंगलपट्ट्यात गावोगाव त्याची घरं आहेत.

कुलदीप माइकवर म्हणायचा, "रक्तात लोह आहे की नाही? लोहाला चुंबक ओढतो की नाही? मग वाकडी पेशी चुंबकासमोर सरळ होणार की नाही?"

लोक माना डोलवायचे.

मग तो काचेचा गिलास उचलायचा. "हे एका पेशंटचं रक्त आहे. नीट बघा." गिलासात लालभडक दाट द्रव. त्याच्या बाहेरून तो मला फिरवायचा, आणि आत एक काळपट गोळा माझ्यामागे सरकत जायचा. बायका तोंडाला पदर लावायच्या. कोणीतरी हात जोडायचं.

त्या गिलासात गुलाबाचं सरबत असायचं, आणि लेथच्या दुकानातून आणलेला लोखंडाचा भुसा.

मी काय करणार? लोखंड समोर आलं की मी ओढतो. मला नाही म्हणता येत नाही. शिबिर संपेपर्यंत त्या गिलासावर माश्या घोंगावत. सरबताचे ओघळ माझ्या अंगावर येत, त्यात भुसा चिकटे, आणि कुलदीप अंगठा चाटून ते पुसायचा. चाटलेला तोच अंगठा पुढच्या पेशंटच्या कपाळाला लावून म्हणायचा, "बरे व्हाल."

त्याच्या शेजारी खुर्चीवर एक निवृत्त गुरुजी बसायचे. त्यांचं नाव मी सांगत नाही, घरी नातवंडं आहेत. तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. पहिल्याच शिबिरात शाल-नारळ घेतल्यावर माइकवर म्हणाले, "मी स्वतः चुंबकत्व शिकवलेलं आहे. याला शास्त्रीय आधार आहे." त्यांचे जुने विद्यार्थी गर्दीत होते. गुरुजी म्हणाले, म्हणजे झालंच.

अशाच एका रविवारी गोकुळा आली. ब्रह्मपुरीपासून आठ किलोमीटरवर, तलावाकाठच्या गावची. नवरा केवळराम तलावात जाळं टाकून मासोळी धरायचा. गोकुळा ती विकायची आणि हंगामात धानाच्या रोवण्याला, लावणीला, जायची. मागोमाग त्यांची अकरा वर्षांची डिंपल, बापाच्या खांद्याला धरून. डोळ्यांत पिवळटपणा, पाय काडीसारखे.

गोकुळानं सगळं सांगितलं. पोट्टीला सिकल आहे, दवाखान्यातून रोजच्या गोळ्या मिळतात, गोळ्यांनी दुखणं कमी झालं पण जात नाही. दवाखान्यात कोणी नीट बोलत नाही. मागच्या वेळी एक जण म्हणाला, "आल्या परत?" आणि पोट्टीला दोन तास फरशीवर बसवलं.

कुलदीपनं सगळं ऐकून घेतलं. डिंपलच्या डोक्यावरून हात फिरवला. "बेटा, कुठं दुखते?" म्हणून तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. गोकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंच ती हरली. त्या एका हात फिरवण्यासाठी हे लोक कोसकोस चालत येतात, आणि तो हात त्यांना खऱ्या डॉक्टरकडे मिळत नाही, याचीही मला किळस येते.

"एकवीस दिवस बांधायचं," कुलदीप म्हणाला. "रोज एक तास अजिबात न हलता बसायचं. चुंबकातून शरीरात वीज जाते. आणि त्या गोळ्या बंद. गोळ्या चुंबकाशी भांडतात."

मी ऐकत होतो. न हलणाऱ्या चुंबकातून वीज! दहा वर्षांच्या जाहिदाला जे कळलं होतं ते इथे शंभर माणसांना कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो शाल पांघरून बसला होता.

कुलदीपनं गिलासावरून फिरवलेल्या मलाच फडक्यानं अर्धंमुर्धं पुसलं, लाल पिशवीत कोंबलं आणि गोकुळाच्या हातात दिलं. "हा खास ताकदीचा."

गावी मंगळवारचा मुहूर्त पाहून डिंपलच्या उजव्या गुडघ्याला मला बांधलं, डाव्याला त्यानं जोडीला दिलेला दुसरा. ती भिंतीला टेकून तासभर निश्चल बसायची. तिची कातडी तापलेली, पातळ, खाली नस उडायची. त्या नसेतून रक्त वाहत होतं आणि मी त्याच्यापासून दोन बोटांवर होतो. मी मन लावून शोधलं. ओढ जाणवली नाही. दगडाजवळ ठेवलं असतं तरी एवढंच जाणवलं असतं. खाटेच्या खिळ्याची ओढ मला हातभरावरून लागत होती, पोरीच्या रक्ताची नाही.

तास संपला की डिंपल मला पिशवीतूनच खेळायला घ्यायची. बापाचे गळ जमिनीवर पसरायची आणि मला दोरीला बांधून एकेक उचलायची. "पाह्य बाबा, मासोळी लागली!" जाळ्याची शिशाची वजनं मात्र उचलली जायची नाहीत. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. "हे काऊन नाई येत?"

केवळराम म्हणाला, "शिसं हाय ते. सारंच थोडी चिकटते चुंबकाले."

त्यानं हे म्हटलं, आणि स्वतःच्या बोलण्याचा अर्थ त्याला लागला नाही.

नवव्या दिवशी डिंपलला ताप आला. दहाव्या दिवशी कंबर आणि मांडी दुखायला लागली. भादव्याचा उकाडा, त्यात घरातला एकुलता टेबलफॅन जळला. ती रडत नव्हती. रडायला अंग हलवावं लागतं, आणि हललं की दुखायचं. दातात पदराचं टोक धरून पडून राहायची. गोकुळानं दोन्ही चुंबक गुडघ्यावरून काढून मांड्यांना बांधले, आणखी घट्ट. पट्ट्याचे वळ उठले.

बारा दिवस झाले तो नेमका रविवार होता. केवळरामनं पोरीला खांद्यावर घेतलं, गोकुळानं पंखा घेतला, आणि जीपमध्ये कोंबून तिघं ब्रह्मपुरीला आले. शिबिर दुपारी होतं. त्याआधी पंखा दुरुस्तीला टाकायला ते एका दुकानात शिरले.

ते जाहिदाचं दुकान होतं.

आता ती तीस-बत्तिशीची. तारेच्या रिळांमध्ये बसलेली, बोटांना वार्निश. तिनं पंखा घेतला, उघडला, म्हणाली, "कॉइल जळली हाय. दोन तास लागतील. पोरीले बाकड्यावर निजवा."

बाकड्याशेजारी नट-बोल्टचा ट्रे होता. डिंपलला निजवलं आणि मी इतक्या दिवसांनी पोटभर लोखंड पाहिलं. पाच-सहा बोल्ट उडी मारून लाल पिशवीला चिकटले.

जाहिदा वळली. "ताई, हे काय बांधलं पोरीले?"

"दवाई हाय. चुंबकाची," गोकुळा म्हणाली.

"पाहू द्या मले."

"राहू द्या. खोलू नोका म्हणलं त्यानं. पावर जाते."

"पावर अशी नाई जात ताई. तापवावं लागते, नाई तं घनानं ठोकावं लागते." जाहिदानं पिशवीची शिवण ब्लेडनं उसवली आणि मला बाहेर काढलं. तिनं मला ओळखलं नाही. काळ्या चकत्या सगळ्या सारख्याच दिसतात. "हा तं स्पीकरचा चकडा हाय व ताई! आमच्या दुकानात टोपलंभर होते असे."

गोकुळा चिडली. "तुमी पंखे दुरुस्त करता, ते करा. रगताचं तुमाले काय समजते?"

जाहिदानं मला तळहातावर उलटं केलं. मग म्हणाली, "रगताचं नाई समजत. चुंबकाचं समजते."

ती मला परत ठेवणार होती, तेवढ्यात तिचं बोट माझ्या मधल्या भोकाला लागलं. तिनं बोट उजेडात धरलं. बोटावर वाळलेला लाल चिकटा, आणि त्यात काळे बारीक काटे. तिनं वास घेतला.

"हे गुलाबाचं सरबत हाय. अन् हा लोखंडाचा भुसा. ह्याच्यात काऊन आला?"

केवळराम बाकड्यावरून उठला. "गोकुळा... थो गिलास."

गोकुळाच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती.

जाहिदानं प्लॅस्टिकचं पांढरं झाकण घेतलं. सुईनं स्वतःचं बोट टोचलं, रक्ताचा एक थेंब झाकणावर पाडला, आणि शेजारी चिमूटभर लोखंडाचा भुसा टाकला. मग मला झाकणाखालून फिरवलं. भुसा उभा राहिला, साळिंदरासारखा, आणि माझ्यामागे धावला. थेंब जिथं होता तिथंच राहिला.

"रगतात लोखंड हाय म्हणते ते खोटं का मंग?" केवळरामनं विचारलं.

"खोटं नाई भाऊ. हाय लोखंड. पण ते खिळ्यासारखं नाई, रगतात विरघळून बसलेलं हाय. चुंबक त्याले नाई ओढत. ओढलं असतं तं मी दिवसभर चुंबकच हाताळते, माह्यं सारं रगत बोटात येऊन बसलं असतं."

"अन् ते वीज जाते म्हणते अंगात..."

"ठेवलेल्या चुंबकातून वीज नाई निघत. हलवला तरच, अन् थे बी तारेत." तिनं डिंपलकडे पाहिलं. "पोरीच्या गोळ्या चालू हायत ना?"

केवळरामनं गोकुळाकडे पाहिलं.

"ताई, गोळ्या चालू हायत ना?"

तेवढ्यात डिंपल म्हणाली, "माय, छातीत दुखून राह्यलं." तिला वाक्य पूर्ण करायला दोनदा श्वास घ्यावा लागला.

जाहिदानं शटर अर्धं ओढलं, धावत जाऊन ऑटो आणला. पट्टे काढायला वेळ लागत होता म्हणून तिनं ते कापले. गोकुळानं मला घाईघाईत चंचीत टाकलं, पान-सुपारीच्या कचऱ्यात, आणि तिथून मला पुढचं सगळं कळलं.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

"मी," गोकुळा म्हणाली.

तिनं कुलदीपचं नाव घेतलं नाही. जाहिदाच पुढे होऊन सगळं सांगत होती.

डिंपलला नाकातून प्राणवायू लावला. फुप्फुसाच्या नसा तुंबल्या होत्या. दोन पिशव्या रक्त चढलं. आठ दिवस ती तिथं होती. जगली. पण डाव्या खुब्याच्या हाडाला त्या दिवसांत रक्त पोचलं नाही आणि हाडाचं टोक मेलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पोरगी चालेल, लंगडत चालेल. मोठेपणी ऑपरेशन लागेल कदाचित. त्या बाई डिंपलशी वाकून, तिचा हात धरून बोलल्या. असे लोकही तिथं होते. मागच्या वेळी ते भेटले असते तर!

मी चंचीत होतो. मला वाटत होतं, हिनं मला तलावात फेकून द्यावं.

तिनं फेकलं नाही. पोरगी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी ती मला घेऊन शिबिरात गेली. एकटी. जाहिदा येते म्हणाली होती, तरी तिची वाट न पाहता.

भवन भरलेलं होतं. गुरुजी खुर्चीवर. टेबलावर गिलास. गोकुळा रांग मोडून सरळ पुढे गेली आणि मला टेबलावर आदळलं.

"माह्या पोट्टीचा पाय गेला."

कुलदीपचं हसू जरासुद्धा हललं नाही. "ताई, किती दिवस बांधला होता?"

"बारा."

"मी किती सांगितले होते?" त्यानं लोकांकडे पाहिलं. "एकवीस. मध्येच सोडलं की रक्त उलट फिरतं. यात माझा काय दोष?"

"बरोबर हाय," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. आणखी एक म्हणाला, "पथ्य पाळत नाई अन् बोंबलतात."

गोकुळा गुरुजींकडे वळली. "गुरुजी, तुमी चुंबक शिकवत होते म्हणते. तुमी सांगा. रगत वढते का हा?"

गुरुजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. एक काच, मग दुसरी काच. परत पहिली.

"बाई," ते म्हणाले, "विज्ञानाच्या पलीकडेही काही असतं."

कुलदीपची मला किळस येते तशी गटाराची येते. गटाराकडून वेगळी अपेक्षा नसते. पण या माणसाला माहीत होतं. माझा उत्तर ध्रुव कुठला, दक्षिण कुठला, मला तोडलं तर दोन नवे चुंबक का होतात, तारेत वीज सोडली की होकायंत्राची सुई का वळते, हे त्यानं फळ्यावर हजार वेळा काढलं होतं. आणि एका शालीसाठी त्यानं चष्मा पुसला.

गोकुळानं आणखी वाद घातला नाही. तिनं हात पुढे करून तो लाल गिलास उचलला आणि तोंडाला लावला.

बायका किंचाळल्या. कोणाला तरी ओकारी आली. गोकुळा घोट घेत होती, दातांखाली भुसा करकरत होता. मग तिनं तोंडातला लगदा तळहातावर थुंकला, लाल लाळ आणि काळे काटे, आणि दुसऱ्या हातानं मला त्यावर धरलं. काटे तिच्या थुंकीतून उठून माझ्या अंगाला येऊन चिकटले. माझ्या साऱ्या आयुष्यात एवढं घाण काही मला लागलं नव्हतं, आणि मी तेव्हाच्याइतक्या जोरानं कधी ओढलं नव्हतं.

"सरबत हाय!" ती ओरडली. "गुलाबाचं सरबत! प्यायले घ्या, सारे जण घ्या!"

दोन कुटुंबं उठून गेली. एका म्हाताऱ्यानं कमरेचा पट्टा सोडून खाली ठेवला. बाकीचे बसून राहिले. "पागल हाय बाई," असं म्हणत दोघांनी गोकुळाला दंडाला धरून बाहेर काढलं. मागून कुलदीपचा आवाज आला, "पुढचा नंबर." आणि पुढचा नंबर उठला!

जाहिदानं तिच्या वतीनं तक्रारीचा अर्ज लिहून दिला. अर्जाची पोच मिळाली. पुढचं अजून काही कळलेलं नाही. पण ब्रह्मपुरीतलं शिबिर दोन आठवड्यांत बंद झालं. कुलदीपनं गाशा गुंडाळला आणि राजुऱ्याकडे गेला. खाणीचं गाव, कंबर-गुडघे धरलेली माणसं भरपूर. तिथं त्याला दुसरे गुरुजी मिळाले असतील.

ही बातमी एका जीपवाल्यानं आणली. गोकुळा ऐकून घेऊन मासोळीच्या टोपलीवर पाणी शिंपडत राहिली. शनिवारी तिनं केवळरामला सांगितलं, "उद्या पोट्टीच्या गोळ्या तुमी द्या. मी राजुऱ्याले जातो."

आज मी राजुऱ्यात आहे. भवनाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली. गोकुळा पोत्यावर बसली आहे, शेजारी जाहिदा. समोर पांढरं झाकण, चिमूटभर भुसा, सुई आणि मी. हा आमचा इथला तिसरा रविवार. गोकुळाच्या बोटांच्या टोकांना टोचल्याच्या खुणा आहेत. कोणी थांबलं की ती आणखी एक करते.

फार जण थांबत नाहीत. काही जण हसतात. आतून एक माणूस येऊन दोनदा धमकावून गेला आहे.

तुम्ही मला कुठेतरी पाहालच. पिशवीत, गादीत, बांगडीत, पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी. माझ्या भाईबंदांना माणसांनी कुठं कुठं कोंबून विकलं आहे याची गणती नाही. माझी एकच विनवणी आहे. माझ्यापुढे हात जोडू नका. खिळा आणा, शिसं आणा, तारेचं वेटोळं आणा, स्वतःच्या बोटातला थेंब आणा. करून पाहा. मला खोटं बोलता येत नाही. लोखंड असेल तर ओढीन, नसेल तर पडून राहीन. माझ्या तोंडून कोणी दुसरं काही वदवत असेल, तर त्या माणसाचा अंगठा आधी बघा, चाटलेला आहे का.

आत्ता एक म्हातारी थांबली आहे. शकुबाई म्हणाली नाव. हाताशी आठ-नऊ वर्षांची नात, डोळे पिवळट. गोकुळानं सुई टोचली, थेंब पाडला, मला झाकणाखालून फिरवलं. भुसा धावला. थेंब थांबला.

शकुबाईनं झाकणावर वाकून पाहिलं. मग म्हणाली, "तुहं रगत नसन वढत. माह्या नातीचं वढन."

आणि नातीला घेऊन फाटकातून आत गेली.

जाहिदानं डोळे मिटले. गोकुळानं बोट तोंडात घालून चोखलं, भुसा गोळा केला, झाकण पुसलं.

तासाभरानं शकुबाई बाहेर आली. नातीच्या गुडघ्याला लाल पिशवी बांधलेली. ती आमच्यासमोरून पुढे गेली, थांबली, परत आली.

"ते म्हणते गोळ्या बंद कर."

"हो," गोकुळा म्हणाली. "मले बी तसंच म्हणलं होतं."

"तुह्या पोट्टीचं काय झालं?"

"लंगडते."

शकुबाईनं नातीच्या गुडघ्याकडे पाहिलं. पिशवी सोडली नाही. "बांधला हाय तं राहू दे," ती म्हणाली. "पण गोळ्या बी देतो मी."

त्या लाल पिशवीत माझ्याच जातीचा एक जण तसाच बांधलेला राहणार होता, पोरीच्या कातडीवर, कुलदीपचं खोटं वाहत. मला त्याची शिसारी आली.

"राहू दे बाई, बांध," गोकुळा म्हणाली. "गोळ्या दे. रोजच्या रोज दे."

म्हातारी गेली. फाटकापाशी आणखी एक जीप थांबली, माणसं उतरायला लागली. गोकुळानं सुई पदराला पुसली आणि न टोचलेलं बोट शोधू लागली.